आधी गिऱ्हाईक, मग राजीनामा: मराठवाड्यात राहून स्वतःची कमाई उभी करताना

हा लेख कोणासाठी आहे ते आधी सांगतो. मूळची लातूर, नांदेड, बीड, परभणी, धाराशिवकडची मुलं-मुली, हिंजवडीत नाहीतर बंगळुरूत कंपनीत चार-पाच वर्षं काढलेली. किंवा संभाजीनगरजवळच्या वाळूज-शेंद्र्यात डिझाइन, क्वालिटी, अकाउंट्सला असलेली. काम हातात बसलंय, पण रोजचं लॉगिन, वर्षाचं अप्रेझल आणि वाघोलीचं ट्रॅफिक नको झालंय. गावी घर आहे. काम लॅपटॉपवरच होतं, तर मग इथं बसून का करू नये? करता येतं. फक्त क्रम चुकता कामा नये.

मी अंबाजोगाईत बसून बाहेरची कामं करतो. त्यामुळे अधूनमधून फोन येतात: "दादा, पेपर टाकले, आता सुरुवात कुठून करू?" पेपर टाकल्यावर करायच्या गोष्टी थोड्या असतात. जास्तीची सगळी कामं त्याआधीची आहेत, म्हणून या लेखात राजीनामा शेवटाकडं येतो.

ज्याला कमाई म्हणू नये

'झोपेत पैसे येतात' वाली कमाई डोक्यातून काढा. भाड्याची खोली, मुदत ठेवीचं व्याज हे उत्पन्न खरं असतं, पण त्याला आधी भांडवल लागतं आणि ते तुमच्याकडं असतं तर तुम्ही हे वाचत बसला नसता. ऑप्शन ट्रेडिंगवर घर चालवायचा विचार असेल तर शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये दिलेला आकडा बघा: २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स-ऑप्शन) करणाऱ्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, माणशी सरासरी सुमारे २ लाखांनी. टेलिग्रामवर 'लाइक करा, पैसे मिळवा' म्हणणारे टास्क आणि मित्राला आणून जोडायची चेन, यांबद्दल तर बोलायलाच नको. 'फ्रीलान्सिंग शिकवतो' म्हणून तीस-चाळीस हजार घेणाऱ्या कोर्सचं माझं मत असं: त्या माणसाची कमाई फ्रीलान्सिंगमधून आहे की कोर्समधून, एवढंच विचारा.

स्वतंत्र कमाई म्हणजे तुमच्या कामाला वेगवेगळ्या ठिकाणचे तीन-चार लोक दर महिन्याला पैसे देतात आणि त्यातला एक गेला तरी चूल पेटते. एकच क्लायंट असेल तर तीही नोकरीच आहे, वर पीएफ नाही.

विकायचं काय

"मी वेब डेव्हलपर आहे" यावर कोणी पैसे देत नाही, कारण असं म्हणणारे लाखो आहेत. काम बारीक करा. "ऑनलाइन दुकानाच्या ऑर्डरी आणि टॅलीतल्या नोंदी रोज आपोआप जुळतील अशी सोय करून देतो," हे विकलं जातं. वाळूजला डाय-फिक्स्चर काढणाऱ्या मुलाने "कॅड करतो" म्हणू नये. "जुन्या कागदी ड्रॉइंगवरून टॉलरन्ससकट थ्रीडी मॉडेल करून देतो" म्हणावं. अकाउंट्सवाल्यांना इंग्लंड-ऑस्ट्रेलियातल्या छोट्या दुकानदारांची महिन्याची बुककीपिंग करता येते. त्यांचं सॉफ्टवेअर वेगळं, पण डेबिट-क्रेडिट तेच. लातूरच्या क्लासेसमध्ये नीट-जेईई शिकवलेल्यांकडं प्रश्न काढायची हातोटी असते. टेस्ट सिरीज चालवणाऱ्यांना प्रश्नपेढ्या, उत्तरांचे व्हिडिओ, सूत्रांसकट टायपिंग सतत लागतं. मराठी सबटायटल, अ‍ॅपचं मराठीकरण यांना पैसे कमी मिळतात. रिकामा वेळ भरायला ती बरी, घर चालवायला नाहीत.

स्थानिक गिऱ्हाईकाबद्दल थोडं कडू बोलतो. जालन्याच्या बियाणे कंपन्या नि रोलिंग मिल, लातूरच्या डाळमिल, संभाजीनगरचे व्हेंडर यांच्याकडं काम भरपूर आहे. पैसेही आहेत, पण ते 'पाडव्यानंतर बघू' या जातीचे. पहिल्या वर्षी स्थानिक काम एकूण कमाईच्या तिसऱ्या हिश्श्यावर जाऊ देऊ नका. ओळखीतून आलेल्या कामाला अ‍ॅडव्हान्स मागायला जीभ अडखळते, म्हणून निम्मी रक्कम आधी हे कोटेशनमध्येच छापून टाका. तोंडाने बोलायची वेळच येत नाही.

पहिली तीन गिऱ्हाईकं, नोकरीत असतानाच

आधी तुमचं नेमणूकपत्र काढून वाचा. बऱ्याच कंपन्यांमध्ये बाहेरचं काम करायला बंदी असते, काहींत लेखी परवानगीने चालतं. कंपनीचा लॅपटॉप, कंपनीचा वेळ, कंपनीचा क्लायंट या तिन्हींना हात लावायचा नाही. बंदी कडक असेल तर नोकरीत असताना पैसे न घेता नमुने तयार करा आणि ओळखी बांधा. तेवढंही पुष्कळ आहे.

अपवर्क, फाइव्हर ही फ्रीलान्स काम मिळवून देणारी संकेतस्थळं वाईट नाहीत, पण तिथं नवख्याची दखल घ्यायला वेळ लागतो आणि कमिशन जातं. फाइव्हर तर कमाईतले २० टक्के ठेवून घेतं. पहिलं काम बहुतेक वेळा ओळखीतूनच येतं. दुसऱ्या कंपनीत गेलेला जुना टीम लीड असतो, परदेशात स्वतःची छोटी एजन्सी काढलेला सीनिअर असतो. त्यांना "काही काम असेल तर सांगा" असं लिहू नका. त्यांनी काय सांगायचं? असं लिहा:

"सर, तुमच्या बुकिंगच्या पानावर मोबाइलवरून तारीख निवडली की कीबोर्ड वर येतो आणि खालचं बटण झाकलं जातं. स्क्रीन रेकॉर्डिंग जोडलंय. दुरुस्ती दोन दिवसांची आहे, अमुक इतके पैसे घेईन. नको असेल तरी हरकत नाही, रेकॉर्डिंग तुमच्या टीमला द्या."

या चार ओळींत तुम्ही त्यांचं काम बघितलंय, चूक शोधलीय, वेळ आणि दर दोन्ही सांगितलेत, आणि नाही म्हणायची वाटही ठेवलीय. आठवड्याला असे पाच निरोप पाठवा. बहुतेकांचं उत्तर येणार नाही, ते मनाला लावून घेऊ नका.

आणखी एक वाट लोक विसरतात: तुमचीच कंपनी. ज्या मॅनेजरला तुमच्याशिवाय अडतं, त्याला कराराने, आठवड्याला ठरावीक तासांचं काम विचारून बघा. पहिलं गिऱ्हाईक तिथंच मिळालेले कमी नाहीत.

दर कसा काढायचा

इथं आपली माणसं सगळ्यात जास्त मार खातात, कारण "गावी खर्चच काय आहे?" असं म्हणून दर पाडतात. कागद घ्या. समजा घरखर्च २८,००० रुपये, आरोग्य विमा ३,०००, इंटरनेट-वीज-सॉफ्टवेअर ४,०००, कर आणि सीए ५,०००, आणि पीएफ बंद झाला म्हणून स्वतःची बचत १०,०००. झाले महिन्याचे ५०,०००, वर्षाचे ६ लाख. वर्षात दोन महिने तरी कोरडे जातात. लग्नसराई, आजारपण, क्लायंटचा नाताळ. म्हणजे दहा महिन्यांत ६ लाख, महिना ६०,०००. आता तास. दिवसाला आठ तास बसलात तरी कोटेशन, फोन, हिशोब, पैशांचा तगादा यांत निम्मे जातात. बिल लावता येतील असे तास महिन्याला नव्वदच्या आसपास. ६०,००० भागिले ९०, म्हणजे तासाला साधारण ६७० रुपये. हा तुमचा तळ. यापेक्षा कमी दराने काम घ्यायचं नाही, मग समोरचा कितीही 'पुढं खूप काम देतो' म्हणो. परदेशी क्लायंटकडून तासाला १५ डॉलर मिळाले तरी बाराशेच्या वर जातात, आणि तिकडच्या लेखी तो अगदी साधा दर असतो. गावचा कमी खर्च ही तुमची गंगाजळी आहे. ती क्लायंटला सवलत म्हणून वाटू नका.

गंगाजळीचंच बोलायचं तर, शहरातले सल्लागार सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा म्हणतात. आपल्याकडं बारा महिन्यांचा ठेवा. कारण साधं आहे: घरात शेती असेल तर आजवर तुमचा पगार हाच त्या शेतीचा विमा होता. जूनमध्ये बियाणं-खत तुमच्या खात्यातून जातं आणि सोयाबीनचे पैसे आले तर दिवाळीच्या तोंडावर येतात. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत बीड, धाराशिव, लातूरकडं उभी पिकं पाण्याखाली गेली, तेव्हा कित्येक घरांत पुण्याचा पगार होता म्हणून निभावलं. 'शेती आहे, खाण्यापिण्याचं भागेल' हा हिशोब धरून नोकरी सोडू नका.

कागदपत्रं

कंटाळवाणी आहेत, पण एका आठवड्याची आहेत.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंद, सरकारी पोर्टलवर फुकट होते. पैसे मागणारी बनावट संकेतस्थळं आहेत, तिकडं जाऊ नका. शॉप अ‍ॅक्टखाली एकट्याच्या कामाला फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. हे दोन कागद हातात असले की बँक धंद्याच्या नावाने चालू खातं उघडते. उद्यमचा खरा उपयोग वसुलीत आहे. सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. न दिल्यास देणाऱ्याला तो खर्च प्राप्तिकरात त्या वर्षी वजा धरता येत नाही. बिलावर उद्यम क्रमांक छापा. मार्च जवळ आला की कंपन्यांचे अकाउंट्सवाले स्वतःहून फोन करतात.

महाराष्ट्रात स्वतंत्र व्यावसायिकाला वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय कर असतो. पगारातून कापला जात होता तोच, आता स्वतः नोंदणी करून भरायचा.

जीएसटी: सेवा देणाऱ्याला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेल्यावर नोंदणी सक्तीची. नोंदणी झाली आणि परदेशी क्लायंटकडून परकीय चलनात पैसे येत असतील तर ती निर्यात ठरते. एलयूटी (निर्यातीचं हमीपत्र) भरलं की त्यावर कर लावावा लागत नाही. एलयूटी दर आर्थिक वर्षाला नव्याने भरायचं असतं आणि नेमकं एप्रिलमध्ये ते सगळे विसरतात.

प्राप्तिकर: इंजिनिअरिंग, तांत्रिक सल्ला, अकाउंटन्सी, माहिती तंत्रज्ञान अशा ठरावीक व्यवसायांना अंदाजित उत्पन्नाची सोय आहे. जुन्या कायद्यात ती कलम ४४एडीए म्हणून ओळखली जाई. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यातही ती आहे, क्रमांक तेवढा बदललाय. एकूण जमेच्या निम्मं उत्पन्न दाखवायचं, खर्चाच्या पावत्या सांभाळत बसायचं नाही. मर्यादा ५० लाख, आणि रोख जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख. म्हणजे वर्षाला १८ लाख आले तर ९ लाख उत्पन्न, आणि नव्या कररचनेत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंत कर शून्य होतो. मात्र प्रत्येक काम या यादीत बसत नाही. शिकवणी, यूट्यूब, लेखन यांचं सीएला आधी विचारा. कर बसत असेल तर या सोयीत संपूर्ण अग्रिम कर १५ मार्चपर्यंत भरायचा असतो. 'शेतीचं उत्पन्न म्हणून दाखवून टाकू' असं गावात कोणीतरी हमखास सुचवेल. बँकेत डॉलर आलेले दिसतात, आणि डॉलर काही तुरीला लागत नाहीत.

परदेशातून पैसे घेताना पेपल सोपं वाटतं, पण शुल्क आणि चलनबदल धरून चार टक्क्यांच्या वर कापलं जातं. मोठ्या रकमा थेट बँकेत किंवा वाइज-पेओनियरसारख्या सेवेतून घ्या. प्रत्येक जमेचा परकीय चलनाचा दाखला डाउनलोड करून ठेवा. पैसे कशाचे आले ते सांगणारा पर्पज कोड बँक विचारते, सॉफ्टवेअर सल्ल्याचा पी०८०२ आहे.

लाईट आणि नेट

क्लायंटला मराठवाडा माहीत नसतो. मीटिंगमध्ये तुमचा आवाज तुटला एवढंच त्याला कळतं. म्हणून यावर सढळ हाताने खर्च करा.

नेट घेताना वेग विचारू नका, तो सगळेच शंभर-दोनशे सांगतात. केबलवाल्याला विचारा: "लाईट गेल्यावर तुमच्या ऑफिसातलं मशीन किती तास चालतं? मधे कुठं लाईटवर चालणारा डबा आहे का?" चांगल्या फायबरला एक्स्चेंजपासून घरापर्यंत मधे वीज लागत नाही. पण गल्लीतल्या कित्येक जोडण्या मधल्या स्विचवरून येतात आणि तो स्विच एखाद्या किराणा दुकानाच्या मीटरवर असतो. दुकानदाराने रात्री मेन स्विच पाडला की तुमचं नेट गेलं. अमेरिकेच्या क्लायंटची मीटिंग नेमकी त्याच वेळेला असते. शेजारपाजारी रात्री दहानंतर नेट टिकतं का ते विचारून मगच जोडणी घ्या. दुसरी सोय वेगळ्या कंपनीच्या सिमची. दोन्ही एकाच कंपनीचं घेतलं आणि रस्तारुंदीकरणात जेसीबीने केबल तोडली की दोन्ही एकदम जाऊ शकतात.

राउटर आणि फायबरचा डबा बहुतेक १२ व्होल्टवर चालतात. त्यांच्यासाठी हजार-दीड हजारात मिनी यूपीएस मिळतो, तो घ्याच. इन्व्हर्टर असला तरी घ्या, कारण लाईट जाऊन इन्व्हर्टर उचलेपर्यंतच्या झटक्यात राउटर रिस्टार्ट होतो आणि दोन मिनिटं जातात. इन्व्हर्टरच्या मागं यूपीएस मोडचं बटण असतं, त्याने हा झटका कमी होतो. पण गावात व्होल्टेज पडतं, आणि त्या मोडमध्ये इन्व्हर्टर कमी व्होल्टेजला लगेच बॅटरीवर जातो. मे महिन्यात सगळ्यांचे कूलर चालू झाले की दुपारभर बॅटरी उतरत राहते. अशा ठिकाणी साधा मोड नि मिनी यूपीएस ही जोडी बरी. १५० एएचच्या बॅटरीवर लॅपटॉप, पंखा, एक दिवा नि राउटर सहा-सात तास चालतात. त्याच लाइनवर फ्रीज असेल तर हा हिशोब विसरा. वळवाच्या पावसात एकदा खांब पडला की दीड दिवसही लाईट येत नाही. त्यासाठी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी बसता येईल अशी एक जागा आधीच बघून ठेवा.

ती जागा म्हणजे महागडं को-वर्किंगच हवं असं नाही. लातूर, नांदेड, संभाजीनगरात, आता तालुक्यांतही, एमपीएससी-नीटच्या मुलांसाठी अभ्यासिका आहेत. टेबल, वायफाय, इन्व्हर्टर, काहींत एसी, आणि पिनड्रॉप शांतता. महिन्याचे पैसेही थोडे. तिथं मीटिंग करता येत नाही, एवढाच तोटा. मालकाशी आधी बोलून घ्या, एखादी रिकामी खोली तासाभरासाठी मिळते. संभाजीनगरात असाल तर तिथल्या उद्योजकांच्या पुढाकाराने उभं राहिलेलं मॅजिक हे इनक्युबेशन केंद्र (नव्या धंद्यांना आधार देणारी जागा) बघून या. स्वतःचं काही उत्पादन काढायचं डोक्यात असेल तर ओळखी तिथं होतात.

घरचे

घरी बसलेला माणूस रिकामा, ही समजूत तुम्ही एका दिवसात मोडू शकत नाही. "जरा सातबारा काढून आण," "मामाला स्टँडवरून घेऊन ये," "लाईट बिल भरून ये." आईला क्लायंट म्हणजे काय ते समजावण्यापेक्षा वेळ सांगा: अकरा ते दोन दार बंद, चारनंतर काहीही सांगा. इंग्लंडचं काम असेल तर ते उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागं असतात, हिवाळ्यात साडेपाच. त्यामुळे सकाळ घरच्या कामांना मोकळी राहते. न्यूयॉर्कचं असेल तर फरक साडेनऊ-साडेदहा तासांचा, म्हणजे मीटिंग संध्याकाळी नाहीतर रात्री. दोन्हीकडचे क्लायंट एकत्र घेतले तर दिवसाची वाट लागते. पहिल्या वर्षी एकच टाइमझोन पकडा.

लग्न ठरायचं असेल तर 'मुलगा काय करतो, पॅकेज किती' हा प्रश्न येणारच. याला वादाने उत्तर नाही. दोन वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रं दाखवली की मंडळी गप्प होतात.

आता राजीनामा

सलग सहा महिने बाहेरच्या कामातून महिन्याच्या तळाच्या (वरच्या उदाहरणात ६०,०००) निम्मे पैसे आले, बारा महिन्यांचा खर्च बाजूला आहे, आणि किमान दोन क्लायंट दुसऱ्यांदा काम घेऊन आलेत. हे तिन्ही झालं असेल तर पेपर टाका. त्याआधी:

घरकर्ज किंवा क्रेडिट कार्ड हवं असेल तर पगार चालू असताना घ्या. नंतर बँक दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागते. कर्जाचा हप्ता मात्र वरच्या तळात धरा.

कंपनीचा आरोग्य विमा शेवटच्या दिवशी संपतो. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि आधीचा काळ धरला जातो, पण अर्ज नोकरी सुटण्याआधी करायचा. नवीन पॉलिसीत आधीच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, म्हणून आई-वडिलांना शुगर-बीपी असेल तर हे काम सगळ्यात आधी.

कायम नोकरीत ग्रॅच्युइटीला पाच वर्षं लागतात. चार वर्षं आठ महिने झाले असतील तर थोडं दम धरा. पीएफला हात लावू नका. पाच वर्षांच्या आत काढला तर करही बसतो.

नोटीस नव्वद दिवसांची असेल तर ती पूर्ण करा, भांडू नका. पुढचं काम याच लोकांकडून येणार आहे. रिलीव्हिंग लेटर, फॉर्म १६, पगाराच्या स्लिपा स्वतःच्या ईमेलवर घेऊन ठेवा.

गाव सोडूनही

वर्षभर इथं बसून काम जमलं की मग कोकण, हिमाचल, जिथं मन जाईल तिथं महिनाभर जाता येतं. जीएसटीचा, बँकेचा पत्ता गावचाच राहू द्या. पहिल्यांदा जाताना नवीन काम उचलू नका, चालू कामच घेऊन जा. पोचल्याच्या दिवशी मीटिंग ठेवू नका. ट्रॅव्हल्समध्ये बसून करतो म्हणू नका, घाटात रेंज जाते. आणि खोली बुक करण्याआधी मालकाकडून स्पीड टेस्टचा स्क्रीनशॉट मागवा, तोही रात्री नऊचा. दुपारचा सगळ्यांचाच चांगला असतो.